घोरणं, मास्क आणि तिसरी गोळी

बाईमाणूस घोरतं, हे कुणी चारचौघांत बोलत नाही. आमच्या ह्यांनी तर माझं घोरणं डॉक्टरांसमोरही कधी काढलं नव्हतं. सकाळी डोकं जड, दुपारी पेपर तपासताना पेंग, रात्री सारखं लघवीला उठणं. पन्नाशीत व्हायचंच, असं सगळ्यांचं मत. थायरॉईड, हिमोग्लोबिन नॉर्मल. रक्तदाबाची मात्र तिसरी गोळी लागली, तेव्हा नव्या डॉक्टरांनी मला सोडून ह्यांना विचारलं, "घोरताना यांचा श्वास मध्येच थांबतो का हो?"

"थांबतो की! मग एकदम मोठा घेते."

पाळी गेल्यावर बायकांमध्ये स्लीप ॲप्नियाचं प्रमाण वाढतं आणि नुसता थकवा, झोप न लागणं अशा तक्रारींमुळे तो लक्षात येत नाही, हे तिथे कळलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होतो. आपल्याला सकाळी काही आठवत नाही.

स्लीप स्टडीला, म्हणजे झोपेतल्या तपासणीला, डोक्यावर, डोळ्यांजवळ, हनुवटीला वायरी, छाती-पोटाला पट्टे, नाकात नळी. एवढ्या जामानिम्यात झोप कसली येतेय, पण आली! रिपोर्टमध्ये एएचआय 34. म्हणजे तासाला सरासरी 34 वेळा श्वास किमान 10 सेकंद थांबला किंवा अगदी उथळ झाला. 5 च्या आत नॉर्मल, 30 पासून तीव्र.

उपाय सीपॅप मशीन. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये मांडलेली पद्धत: हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवायचा. ते ऑक्सिजनचं मशीन नव्हे, हे भेटायला येणाऱ्यांना सांगून सांगून मी दमले.

खरा छळ मास्कचा. नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क दिला होता. कडेने हवा सुटून थेट डोळ्यांत. पट्टे आवळावेत तर गळती आणखी वाढे आणि नाकावर लाल वळ. स्टाफरूममध्ये एकीने हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" शेवटी टेक्निशियनने मला आडवं झोपवून, हवा चालू ठेवून, फक्त नाकावरचा छोटा मास्क बसवला. पट्टे सैलच ठेवले. सवय व्हावी म्हणून संध्याकाळी टीव्ही बघताना तो लावून बसायचे.

आमच्याकडे वीज जाते. मशीन इन्व्हर्टरवर चालवताना ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारा पाण्याचा भाग, बंद ठेवते, बॅटरी जास्त पुरते. एरवी त्यात डिस्टिल्ड वॉटरच.

लघवीला उठणं थांबलं, दुपारची पेंगही गेली. तिसरी गोळी डॉक्टरांनी अजून चालूच ठेवलीय. मेडिक्लेमवाल्यांनी मशीनचे पैसे नाकारलेत. पत्रव्यवहार चालू आहे.