क्लबात साठची गाणी: पीस, पट्टी आणि खारी हवा

साठच्या दशकातल्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम रत्नागिरी, मालवण नाहीतर अलिबागच्या एखाद्या क्लबात वाजवायचा, तर समोर दीडशे-दोनशे माणसं असतात. त्यातली निम्मी साठी ओलांडलेली, आणि त्यांना शब्दांइतकेच मधले म्युझिकचे तुकडे, म्हणजे पीस, पाठ असतात. गायकाने अंतऱ्यातला एखादा शब्द खाल्ला तर लोक सोडून देतात. पीस खाल्लेला मात्र कुणी सोडत नाही.

म्हणून तालीम गायकापासून नाही, पीसांपासून सुरू करायची. प्रत्येक गाणं कागदावर तोडून लिहायचं: इंट्रो, मुखडा, पहिलं म्युझिक, अंतरा, क्रॉस लाइन (अंतऱ्यातून मुखड्याकडे नेणारी ओळ), पुन्हा मुखडा. प्रत्येक तुकड्याला किती मात्रा, कुठलं वाद्य पुढे, कुठे रिदम थांबतो, कुठे फक्त बाँगो राहतो, हे सगळं कागदावर हवं. मूळ गाणीही कागदावरूनच वाजली. शंकर-जयकिशनकडचे अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ लिहून देणारे, सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे, आणि स्टाफ नोटेशन वाचणाऱ्या गोवेकर वादकांवर मुंबईच्या स्टुडिओंची बरीच भिस्त होती. कानाने बसवलेला पीस तालमीत बरा वाटतो, स्टेजवर दोन कीबोर्डवाले त्याच तुकड्याच्या दोन आवृत्त्या वाजवतात.

आधी हेही ठरवा की गाणं तबकडीवरचं घ्यायचं की पडद्यावरचं. साठच्या दशकात ७८ आरपीएमच्या तबकड्या अजून निघत होत्या, आणि १० इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं बसत. त्यामुळे पडद्यावरच्या गाण्यात कधी एक अंतरा जास्त असतो, कधी म्युझिक लांब असतं. गायिकेने एक ऐकून आणि गिटारवाल्याने दुसरं ऐकून आलं की दुसऱ्या अंतऱ्याआधी हमखास टक्कर होते. शिवाय इंटरनेटवरच्या बऱ्याच प्रती वेगात किंचित पुढेमागे असतात. त्यांच्या सुराला वाद्य लावत बसू नका. ए = ४४० हर्ट्‌झला मिळवा आणि पट्टी स्वतः ठरवा.

पट्टीचा हिशेब नीट मांडला तर निम्मी भांडणं मिटतात. लताबाई-आशाबाईंची मूळ पट्टी आजच्या बहुतेक गायिकांना झेपत नाही, दोन-तीन स्वर खाली यावंच लागतं. इथे गिटार आणि सॅक्सोफोनचं वाकडं असतं. काळी एकचं (सी शार्प) गाणं आल्टो सॅक्सवाल्याला दोनच कोमल चिन्हांत वाजतं, तेच पांढरी दोनला (डी) नेलं की त्याच्यापुढे पाच तीव्र येतात. गिटारवाल्याला नेमकी पांढरी दोन आवडते. कापो (गिटारच्या मानेवर लावायची पकड) घाला: काळी एकसाठी पहिल्या फ्रेटवर सी-शेप, नाहीतर चौथ्यावर ए-शेप. कीबोर्डवाला मात्र ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलण्याचं, बटण दाबून मोकळा होतो, आणि सगळ्यात मोठा अपघात तिथेच होतो. पुढचं गाणं सुरू होतं, बटण मागच्याच जागी असतं, आणि इंट्रोच्या पहिल्या सुराला अख्खा बँड एकमेकांकडे बघतो. गाण्याच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात ट्रान्सपोजचा आकडा मोठ्या अक्षरात लिहा, शून्य असेल तर शून्यही लिहा.

तबला दर गाण्याला उतरवता-चढवता येत नाही. काळी एकला लावलेला दायाँ (उजव्या हाताचा तबला) काळी एकच्या गाण्यात षड्ज देतो, काळी तीनच्या गाण्यात तोच पंचम होतो आणि काळी चारच्या गाण्यात मध्यम. म्हणजे एका तबल्यावर तीन पट्ट्या निघतात. गाण्यांचा क्रम लावताना हे डोक्यात ठेवलं तर दोन दायाँवर कार्यक्रम निभतो. निवेदकाला मात्र आधीच सांगून ठेवा, कारण फर्माईश आली की तो क्रम मोडायला सगळ्यात आधी तयार असतो.

आता आवाजाचं. साठची गाणी मोनोत मुद्रित झाली, मोजक्या माइकांवर, सगळा ताफा एका वेळी वाजवून. गळा सगळ्यात पुढे, त्यामागे पीसचं वाद्य, आणि रिदम बराच मागे. आजचा साउंडवाला सवयीने किक आणि बेस उचलतो, आणि पाच मिनिटांत साठचं गाणं नव्वदचं होतं. त्या काळी बेस बहुतेक उभ्या डबल बेसवर बोटाने छेडलेला असायचा. बेस गिटारवर तो काढायचा तर ब्रिजपाशी तारांखाली स्पंजची पट्टी दाबा, टोनचा खटका पूर्ण खाली घ्या आणि मानेजवळ अंगठ्याने वाजवा. सूर लगेच मरायला हवा. ऑक्टोपॅडवर (काडीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) रॉक किट ठेवू नका. ब्रश, माराकस, टॅम्बोरिन, कॅस्टानेट एवढं पुरतं, बाकी खरं काम बाँगो-तुंबा (उंच कोंगा ड्रम) आणि ढोलकीचं. ढोलकवाल्याला दत्ताराम ठेका (शंकर-जयकिशनच्या सहायक दत्ताराम यांच्या नावाचा) स्वच्छ वाजवता येत नसेल तर शंकर-जयकिशनची निम्मी यादी बाजूला ठेवलेली बरी.

दोन कीबोर्ड असतील तर कामं वाटून टाका. एकाकडे फक्त व्हायोलिनचा ताफा, दुसऱ्याकडे सोलो: ॲकॉर्डियन, व्हायब्राफोन, ग्लॉकनस्पील, मेंडोलिन. व्हायोलिनसाठी हळू उमलणारा पॅड निवडू नका. त्या पीसांत व्हायोलिनं झपकन सुरू होतात आणि झपकन थांबतात, म्हणून अटॅक (सुराची सुरुवात) जलद ठेवा आणि दोन सप्तकांत एकच सूर धरा. कीबोर्डवरचा ॲकॉर्डियन सपाट वाटतो, कारण खऱ्या ॲकॉर्डियनचा जीव भात्यात असतो. एक्स्प्रेशन पेडल लावा आणि प्रत्येक वाक्याला पाय हलवा. १९६९च्या ‘रूप तेरा मस्ताना’मधला केर्सी लॉर्ड यांचा ॲकॉर्डियन ऐका, श्वास कुठे घेतलाय ते कळतं. मेंडोलिनचा ट्रेमोलो कीबोर्डवर कितीही घासला तरी नकलीच वाटतो, तो गिटारवाल्याने वरच्या दोन तारांवर पिकने वाजवावा. आणि सॅक्सवाला नसेल तर १९६५च्या ‘आरजू’मधलं ‘बेदर्दी बालमा’ यादीत घेऊच नये. मनोहारी सिंग यांचा सॅक्स त्यातून काढला की उरलेलं गाणं वाजवणाऱ्यालाही अर्धवट वाटतं.

मिक्सर १६ चॅनेलचा पुरतो: गायक तीन आणि निवेदक एक, कीबोर्ड दोन (मोनोच घ्या), गिटार, बेस, तबल्याला दोन, ढोलकला दोन, बाँगो, तुंबा, ऑक्टोपॅड, आणि एक सॅक्स-बासरीचा माइक. भरले सोळा. गाण्याच्या माइकांना ८० ते १०० हर्ट्‌झच्या खालचं कापून टाका, निम्मा गडगडाट तिथेच जातो. आपल्याकडचे जुने हॉल म्हणजे चिऱ्याच्या भिंती, गिलावा आणि वर पत्रा किंवा कौलं. आवाज घुमतो आणि माइक शिट्टी मारतो. साधा कार्डिऑइड माइक (पाठीमागचं न ऐकणारा) असेल तर मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्पीकर, बरोबर माइकच्या पाठीमागे, सुपरकार्डिऑइड असेल तर पाठीच्या दोन्ही बाजूंना थोडा कोनात. यातली गल्लत झाली की साउंडवाला सगळा दोष हॉलवर ढकलतो.

आणि हवा. कोकणात वाद्याचा खरा शत्रू पाऊस नाही, खारा दमटपणा. दमट हवेत चामडं सैल पडतं आणि तबला-ढोलक उतरतात. हॉलमध्ये एसी सुरू झाला की हवा कोरडी होते, चामडं आवळतं आणि तेच तबले चढतात. थंडीने गिटारच्या तारा आखडून सूर वर जातो, बासरीचा मात्र खाली येतो, दर अंशाला साधारण तीन सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट). एसीने हॉल सहा अंशांनी गार केला की बासरी अठरा सेंट उतरलेली आणि गिटार थोडी चढलेली, मग दोघंही आपण बरोबर म्हणून भांडतात. उपाय साधा आहे. एसी कार्यक्रमाच्या तासभर आधी लावायला सांगा, वाद्यं पेट्यांतून काढून तेवढा वेळ हॉलमध्ये ठेवा, मगच मिळवा. वाजवण्याआधी बासरीत दोन मिनिटं श्वास सोडून ती गरम करा. हिरवळीवर समुद्राकडून वारा येत असेल तर एसीचा प्रश्न नाही, पण मध्यंतरानंतर ढोलक परत चढवावी लागणार हे धरून चला.

वीज तपासल्याशिवाय एकही प्लग लावू नका. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल बघा, २३०च्या आसपास हवं. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायरमनला बोलवा. न्यूट्रल सैल असेल तर थ्री-फेजच्या जोडणीत एका फेजवर दाब २३०च्या कितीतरी वर चढू शकतो, आणि कीबोर्डचा अडॅप्टर तेवढं सोसत नाही. सगळी वाद्यं आणि मिक्सर एकाच फेजच्या एकाच बोर्डावर घ्या, दिव्यांची माळ आणि डिमर दुसऱ्या फेजवर. गुणगुण येण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. वीज गेली की जनरेटर लागेपर्यंतचे काही सेकंदही डिजिटल मिक्सर आणि कीबोर्ड बंद पाडायला पुरतात, आणि परत चालू झाल्यावर कीबोर्ड पियानोच्या आवाजावर येऊन बसतो. संगणकाचा ६०० व्हीएचा साधा यूपीएस त्या दोघांना पुरतो. स्पीकर त्याला लावू नका.

वेळेचा हिशेब आधी करा. सात ते दहा म्हणजे १८० मिनिटं, मध्यंतराची २० गेली, १६० राहिली. गाणं आणि निवेदन मिळून साडेपाच मिनिटं धरली तर २९ गाणी बसतात. पण सात म्हणजे साडेसात, शिवाय अध्यक्षांचं मनोगत, त्यामुळे यादी २४चीच करा आणि दोन गाणी खिशात ठेवा. शेवटच्या तीनमध्ये संथ गाणं नको. दहाची मर्यादा खरी आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. बंद सभागृहाला आतल्या आतल्या कार्यक्रमापुरती सूट आहे, पण तिन्ही बाजूंनी मोकळा व्हरांडा म्हणजे सभागृह नव्हे. मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस देऊ शकतं, ती तुमच्या तारखेला लागू आहे का ते क्लबाच्या सेक्रेटरींना आधीच विचारा. आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना कोण काढणार हेही त्यांच्याकडून लेखी घ्या. नाहीतर तो विषय कार्यक्रमाच्या दुपारी निघतो.

आवरताना घाई होतेच, पण तारा कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय गिटार पेटीत घालू नका. घाम आणि खारी हवा मिळून साध्या तारा आठवड्यात काळ्या पडतात. ॲकॉर्डियनचा भाता पूर्ण मिटवून, पट्ट्या लावून, पेटीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. जॅकच्या पिना पुसा, केबल आठच्या आकारात गुंडाळा. तबल्याची पेटी गाडीच्या डिकीत रात्रभर राहू देऊ नका.