होय काकू, कम्प्युटरच करतो

बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणाचं लग्न असो की हळदीकुंकू, हा प्रश्न येतोच: "सगळं कम्प्युटरच करतो ना गं? मग तू दिवसभर करतेस काय?" मी हैदराबादला अॅनिमेशन का शिकले, कुठे नोकरी केली, इकडे परत का आले, हे विचारणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी विचारतात.

पूर्वी मी तावातावाने सांगायचे की कम्प्युटर म्हणजे नुसती पेन्सिल. आता तसं म्हणवत नाही. पेन्सिल हातातून ठेवली की थांबते. थ्रीडीत मी पात्राची एक पोझ पहिल्या फ्रेमवर देते (फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र, सेकंदाला अशी २४), दुसरी चोविसाव्या फ्रेमवर, आणि मधल्या २२ फ्रेम कम्प्युटर आपणहून भरतो. म्हणजे काकू, तुमचं निम्मं बरोबर आहे. फक्त तो जे भरतो ते एकसारखं भरतो. हात, मान, पदर, सगळं एकदम निघतं, एकदम पोचतं. माणूस पाण्याखाली चालल्यासारखा दिसतो. त्याने भरलेलं मोडायचे मला पैसे मिळतात.

पहिल्या नोकरीत आमच्याकडे एक परदेशी मालिका होती. गोष्ट, स्टोरीबोर्ड (म्हणजे शॉटागणिक काढलेली कच्ची चित्रं), आवाज, सगळं तिकडून ठरून यायचं. (आवाज आधी रेकॉर्ड होतो, ओठ नंतर हलतात. डबिंगच्या बरोबर उलटं.) माझ्या वाट्याचा शॉट एवढाच: एक म्हातारी बुटक्या स्टुलावरून उठते. चार सेकंद, म्हणजे ९६ फ्रेम. मी उठवली. सुपरवायझर म्हणाले, "हिला वजनच नाही. हवा भरलीये." पुन्हा उठवली, पुन्हा तेच. वजनाचं बटण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं.

गणपतीला घरी आले. आरती झाली आणि आजी पाटावरून उठायला लागली. उठण्याआधी ती खाली गेली. डोकं पुढे झुकलं, उजवा तळवा गुडघ्यावर दाबला, क्षणभर काहीच झालं नाही. मग आधी कंबर वर आली, पाठ वाकलेलीच, आणि चेहरा सगळ्यांत शेवटी. वर जाण्याआधी खाली जायचं, याला अँटिसिपेशन म्हणतात. वर्गात मी ते उदाहरणांसकट लिहून घेतलं होतं, परीक्षेत मार्कही मिळवले होते.

"आजी, परत बस ना."

"अगं, आत्ता तर उठले!"

फोन धरून मी तिला बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. "माझ्या गुडघ्यांचा सिनेमा काढतेस होय?" म्हणाली, पण बसली.

परत जाऊन सगळ्या पोझ नव्याने केल्या. सुपरवायझरांनी शॉट दोनदा पाहिला आणि काही न बोलता पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे कौतुक असंच असायचं. मग तिकडून मेल आली: गोष्ट बदलली आहे, हा अख्खा सीन वगळा. खरं तर आमच्या धंद्यात कापाकापी आधी होते. स्टोरीबोर्डची चित्रं आवाजावर लावून अॅनिमॅटिक करतात, जे नको ते तिथेच काढतात, कारण नंतरचा एकेक सेकंद महाग पडतो. तरी झालं. पगार मिळाला होता, तेव्हा तक्रार करायला जागा नव्हती. बाथरूममध्ये जाऊन रडले, ते वेगळं. आजी विचारत राहिली, "टीव्हीवर कधी येणार गं?" मी "येईल" म्हणत राहिले.

एक काका म्हणतात, ही सगळी परदेशी फॅडं. काका, आपल्या इथल्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्येच आगकाड्या फ्रेमागणिक सरकवून पडद्यावर हलवून दाखवल्या होत्या.

राहिला दुसरा प्रश्न, जो तुम्ही जरा दबक्या आवाजात विचारता: स्वतःची फिल्म का नाही काढलीस? कॉलेजातल्या मला काढायचीच होती, तीही हाताने, ९० मिनिटांची. सेकंदाला २४ फ्रेम धरून १,२९,६०० फ्रेम होतात. एक चित्र दोन फ्रेम चालवलं तरी ६४,८०० चित्रं. हे गणित तिने केलं नव्हतं, मी केलं, आणि गप्प बसले. ती मला भित्री म्हणते. मी म्हणते, तुला घरभाडं भरावं लागत नव्हतं. मग ती म्हणते, दोन मिनिटांची काढ, १,४४० चित्रं, भाडं भरूनही होतील. त्यावर मी विषय बदलते.

तुम्हीही बदला. आणि मुंजीच्या पत्रिकेतला बटू "जरा हलता करून दे" म्हणणाऱ्यांनी आधी त्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवावा.