डोमकळीचं चित्र

पोळ्याच्या आधी आमच्या शेतकरी गटासाठी कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवर एकपानी पत्रक करायचं होतं. मजकूर अर्ध्या तासात झाला, चित्रांनी चार दिवस खाल्ले. पहिल्या मसुद्यात मधोमध अळीचा फोटो टाकला होता, मोबाईलवर अगदी गर्द गुलाबी दिसणारा. झेरॉक्स काढून आणल्या तर अळी काळी! गटातल्या एका आबांनी कागद उलटसुलट करून विचारलं, "ताई, ह्यात गुलाबी कुठं हाय?"

रंगीत छापूनही फार काही साधलं नसतं. ही अळी लहान असताना पांढुरकी असते. गुलाबी होते ती मोठी झाल्यावर, आणि तेव्हा ती बोंडाच्या आत बसलेली असते. म्हणजे मी शेतकऱ्याला नुकसान होऊन गेल्यावरचा फोटो दाखवत होते. परभणीला कृषी पदवी घेऊन आलेली मी, हे आधी सुचायला नको? धुऱ्यावरून चालताना दिसते ती डोमकळी. अळी आतून पाकळ्या धाग्यांनी जखडून टाकते, मग फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. चित्र तिचंच हवं होतं.

तिचे पन्नासेक फोटो काढले. सगळ्यांत मागे पानं, सावल्या, एकात माझी चप्पल. त्यात कपाशीचं निरोगी फूलसुद्धा दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं, म्हणजे रंग दाखवला की नवा घोळ. शेवटी एक डोमकळी तोडून शेजारच्या चित्रकलेच्या सरांकडे नेली. त्यांनी आधी सुरेख छायाप्रकाश वगैरे केला (कलाकार माणूस!). म्हटलं, "सर, नुसत्या रेघा द्या. आणि शेजारी उमललेलं फूल, तेवढ्याच आकाराचं." बाण एकच ठेवला, त्याचं टोक बरोबर चिकटलेल्या पाकळ्यांवर. खाली तीन शब्द : तोडून नष्ट करा. झेरॉक्समध्येही स्वच्छ उठलं.

कामगंध सापळे म्हणजे मादीच्या गंधाने ह्याच अळीचे नर पतंग ओढून पकडणारे सापळे. त्यांच्यासाठी मला पतंगांचा आठवडावार आलेख टाकायचा होता. आलेख मला फार आवडतात. पण शेतकऱ्याला ठरवायचं असतं एवढंच, की फवारायचं का. सलग 3 रात्री एका सापळ्यात रोज 8 पतंग आले, की फवारणीची वेळ आली. म्हणून तीन रात्रींचे तीन सापळे ओळीने काढले, प्रत्येकात 8 पतंग.

मधल्या सापळ्यात सरांनी सातच काढले होते. आबांनी बोट ठेवून मोजलं आणि म्हणाले, "मग आज फवारू नका."