आमच्या कोयत्याचा हिशोब

2024 च्या आषाढात आम्ही ऊसतोडीला जायच्या बोलीवर एक लाखाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली. धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात आमची दोन एकर कोरडवाहू. त्या उन्हाळ्यात बोअर मारलं, खालून नुसता फुफाटा निघाला आणि बोअरवाल्याचं देणं तेवढं राहिलं. सोयाबीन आलं की उचल परत करू, असं ह्यांचं म्हणणं. मला पटलं नव्हतं, पण दुसरं सुचतही नव्हतं.

कारखान्याला तोडणीची टोळी पुरवणारा मुकादम उचल देताना बाँड, म्हणजे करार, करून घेतो. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, त्यामुळे ह्यांच्या एका सहीत मीही गेले. मी बारावी झालेली, म्हणून बाँड वाचायला मागितला. मुकादम नात्यानं दीर लागतो. "वहिनी, इस्वास न्हाई का?" म्हणाला. तरी वाचला. त्यात रक्कम होती, तारीख होती. टनाचा भाव नव्हता, खाड्याचा, म्हणजे कामावर न गेलेल्या दिवसाचा, दंड नव्हता. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनाला 366 रुपयांवर गेला होता, हे पेपरात वाचलं होतं. तो आकडा चार माणसांत त्याच्या तोंडून वदवून घेतला.

सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांतच एवढा पाऊस झाला की सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. सात क्विंटल झालं. हमीभाव 4,892, पण ओल जास्त म्हणून सरकारी खरेदी केंद्रावर घेतलं नाही. आडतीवर 4,100 नं गेलं. 28,700 रुपयांतून बी-खताची उधारी फिटली. उचल तशीच.

20 नोव्हेंबरला मतदान केलं आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर भरला. ताडपत्री, बांबू, ज्वारीचं कट्टं, पाण्याचा बॅरल, दोन कोंबड्या. पोरगी दुसरीत. शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झालं होतं: सकाळ-संध्याकाळचं जेवण तिथं, झोपायला आजीपाशी. नाहीतर तिलाही उसाच्या फडात न्यावं लागलं असतं. ती रडली नाही, सासूबाई रडल्या. केज, कळंब, बार्शी करत कोल्हापूरकडं पोचायला दोन रात्री लागल्या. रेशन मात्र तिकडच्या दुकानात अंगठा लावून मिळालं, ही एक गोष्ट सरळ झाली.

तोडणीचं काय सांगायचं? पहाटे चारला उठायचं, भाकरी बांधायची, फडात जायचं. हे तोडायचे, मी पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, काढून मोळी बांधायची आणि फळीवरनं ट्रॉलीत चढवायची. गाडी रात्री दहाला आली तर दहाला भरायची. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून मिठा-मिरचीचं भागायचं. कोपीत, म्हणजे आमच्या तिथल्या झोपडीत, सगळ्यांत जास्त आठवते ती पाचटाची खाज.

वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवली. पोरीची जुनी वही होती, पुढं तिचे पाढे आणि मागून माझा हिशोब. आमची टोळी दहा कोयत्यांची. एका खेपेला साधारण वीस टन जायचे, म्हणजे कोयत्यामागं दोन टन. कारखान्याच्या वजनकाट्याची पावती ड्रायव्हरकडं असायची. तो परत आला की मी पावती बघून तारीख आणि वजन लिहायचे. बाकीच्या बाया हसायच्या: "मास्तरीणबाई आल्या." आठवड्याच्या खर्चाला मुकादमाकडून मिळणारी 800 रुपये खर्चीही लिहायचे. खाडेही लिहायचे. एका खाड्याला 500 दंड. मला ताप आला ते चार दिवस आमचे. (पाळीत खाडा नको म्हणून गर्भाशयाची पिशवी काढून घेतलेल्या तीन बाया आमच्या टोळीत होत्या. बीड जिल्ह्यातल्या या ऑपरेशनांची 2019 मध्ये सरकारी समितीनं चौकशी केली होती. दंडाची रीत तीच आहे.)

कारखाना लवकर बंद झाला, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच. कोपीसमोर हिशोब झाला. मुकादमाच्या वहीत आमच्या कोयत्याचे 164 टन आणि सात खाडे. माझ्या वहीत 172 टन आणि चार खाडे.

"वहिनी, बायामाणसानं हिशोबात पडू न्हाई."

मी तारखा वाचत गेले. डिसेंबरातल्या तीन आणि जानेवारीतली एक, अशा चार खेपा त्याच्याकडं नव्हत्याच. आमच्या नावावरचे तीन जास्तीचे खाडे म्हणजे गाडीच आली नाही ते दिवस. ते सगळ्याच कोयत्यांना लावले होते. ड्रायव्हरला बोलावलं. तो आधी खाली बघत राहिला, मग म्हणाला, "हाय त्यांचं बरोबर." त्यावर हसणाऱ्या बायाही उठून उभ्या राहिल्या. मुकादमानं खोडलं आणि नव्यानं लिहिलं.

172 टनांचे 62,952 झाले. उचल एक लाख, खर्चीचे 12,000, खाड्याचे 2,000. म्हणजे बाकी 51,048. वही नसती तर 55,476 निघाले असते. साडेतीन महिने राबूनही देणं उरलंच, वहीनं ते 4,428 रुपयांनी कमी झालं तेवढंच. ह्यांना त्याचा आनंद झाला नाही आणि मलाही फारसा नाही. पण परतताना टोळीतल्या दोघी वहीत कसं लिहायचं ते विचारत होत्या.

पुढच्या आषाढात, 2025 मध्ये, मुकादम पुन्हा बाँड घेऊन आला. जुनी बाकी धरून वर 40,000 देतो म्हणाला. ह्यांनी पेन हातात घेतलं. मी म्हटलं, थांबा. आधी 51,048 हा आकडा आणि टनाचा भाव बाँडवर लिहून घेतला, मग ह्यांनी सही केली.