७९२ किलोहर्ट्झ, आकाशवाणी पुणे

हडपसरला सोलापूर रोडवर ‘आकाशवाणी’ असा बसस्टॉप आहे. स्टुडिओ शिवाजीनगरला आणि स्टॉप हडपसरला, असं का, तर ट्रान्समीटर तिकडे. एएमला, म्हणजे जुन्या मीडियम वेव्हच्या रेडिओला, जागा लागते हो. ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी होते साधारण ३७९ मीटर आणि नुसता पाव लांबीचा मनोरा उभा करायचा म्हटलं तरी ९५ मीटर, वर त्याच्या भोवती जमिनीत तांब्याच्या तारा पुरायच्या, हे भर पेठेत कुठे करणार? म्हणून अशी केंद्रं कायम गावाबाहेर गेली आणि मग गावच त्यांच्या मागे मागे गेलं.

पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. टायमिंग बघा. त्याच्या आदल्याच वर्षी बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झालेले, माणूस मूळचा पुण्याचाच, आणि फिल्मी गाण्यांवर त्यांचा भयंकर राग. निर्मात्यांशी वाजलं आणि रेडिओवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायबच झाली. पब्लिकने काय केलं, तर सरळ सुई फिरवून शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन, म्हणजे श्रीलंकेचं केंद्र लावलं. डिसेंबर १९५२ पासून तिथे अमीन सयानींची फिल्मी गाण्यांची गीतमाला सुरू झाली आणि मग तर विचारूच नका.

केसकरांना आजही लोक शिव्या घालतात आणि फिल्मी गाण्यांपुरत्या त्या बरोबरच आहेत, पण मराठी माणसाने त्या जरा जपून घालाव्यात असं माझं मत आहे. कारण सिनेमा बंद म्हटल्यावर रोजचे तास भरायचे कशाने? शास्त्रीय दिवसभर कोण ऐकणार? मग केंद्रांनी स्वतःच गाणी करायला घेतली, म्हणजे कवीकडून लिहून घ्यायची, स्टाफवरचे वादक घेऊन चाल बांधायची, आणि हे सगळं सरकारी खर्चाने. भावगीत आधीपासून होतंच, पण त्याला दर आठवड्याला नवीन माल मागणारं हक्काचं गिऱ्हाईक मिळालं ते इथे.

पुण्यात त्यातूनच गीतरामायण झालं. सीताकांत लाड केंद्रावर होते, कवी गदिमा (माडगूळकर) आणि संगीतकार बाबूजी (सुधीर फडके) दोघंही तेव्हा सिनेमात बिझी, आणि तरी १ एप्रिल १९५५ ला रामनवमीपासून दर आठवड्याला एक नवीन गाणं सुरू झालं. आधी वर्षाची ५२ ठरली होती पण त्या वर्षी अधिक मास आला म्हणून ५६ झाली (पंचांगाने प्रोग्रामची लांबी ठरवली असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही). शुक्रवारी सकाळी नवीन गाणं, मग शनिवार-रविवारी तेच परत. लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. पहिलं गाणं हरवल्याचा किस्सा सगळ्यांना पाठ आहे, तो परत सांगत नाही.

पुढे केंद्र सरकारलाही कळलं की सिलोनशी नुसतं रुसून भागणार नाही, म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली, आणि १ नोव्हेंबर १९६७ ला तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई-पुणे-नागपूर याच पट्ट्यात पहिल्यांदा. म्हणजे जे गाणं दहा-पंधरा वर्षांपूर्वी नको होतं त्याच्यावरच आता सरकार पैसे कमवायला लागलं.

आवाजाच्या बाबतीत एएम म्हणजे एकच घोंगडं पांघरून ऐकल्यासारखं, वरचे स्वर कापलेलेच, पण माणसाचा गळा आणि शब्द त्यातून अगदी स्वच्छ येतात, आणि भावगीताला लागतं तेच ना! बाकी नखरे भरपूर. वीज चमकली की कडकड, मिक्सर लावला की घर्रर्र, आणि आता तर एलईडी बल्ब आणि मोबाईलचा चार्जर दोघं मिळून स्टेशन पार खाऊन टाकतात. सेट जरा आडवा-उभा फिरवायचा, कारण आत अँटेना म्हणून फेराइटची कांडी असते आणि तिचं टोक स्टेशनच्या रोखाने आलं की आवाज मरतो, तीच आडवी धरली की परत येतो. रात्री आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, सगळ्यात खालचा थर, जो दिवसा लहरी शोषून घेतो, तो विरतो आणि लांबलांबची केंद्रं एकमेकांच्या अंगावर येतात, त्यामुळे ७९२ च्या आसपास भलतीच भाषा ऐकू यायची.

आता विविध भारती एफएमला १०१ वर आहे, बाकी सगळं मोबाईलच्या ॲपवर, आणि नवीन सेटमध्ये एएमचा पट्टा असेलच असं नाही.

एक सांगायचं राहिलंच. घरोघरी जे गीतरामायण वाजतं ते बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातलं. रेडिओवरचं मूळ तसं नव्हतं, त्यात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके असे वेगवेगळे आवाज होते, पात्राप्रमाणे गायक बदलायचा. कुठे मिळालं तर ते ऐका, कौसल्येचं गाणं बाईच्या गळ्यातून आलं की फारच वेगळं लागतं.