हप्ता त्याचा, किराणा माझा

माझा संसार शेवटी एका एक्सेल शीटमध्ये मावला, असं सांगितलं की मैत्रिणी हसतात. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी अकाउंट्सला आहे, मला दुसरं काय सुचणार?

घटस्फोट परस्पर संमतीने घ्यायचा यावर आमचं फारसं वाजलं नाही. वाजलं ते कासारवडवलीच्या फ्लॅटवरून. 2014 मध्ये घेतलेला टू बीएचके. अ‍ॅग्रीमेंटवर दोघांची नावं, कर्जावर दोघांच्या सह्या, पण हप्ता पहिल्यापासून त्याच्या खात्यातून. त्यामुळे त्याचं गणित सोपं होतं. "हप्ते मी भरलेत, घर माझं. तुला काहीतरी देतोच ना."

त्या 'काहीतरी'ने माझं डोकं फिरलं.

त्याचा पगार हप्त्याला मोकळा राहायचा, कारण बाकीचं सगळं माझ्या पगारातून जायचं. किराणा, दूध, मेंटेनन्स, लाइट बिल, लेकीची फी आणि स्कूल बस, मावशींचा पगार, गणपतीला त्याच्या गावची तिकिटं. हप्त्यातून भिंती उभ्या राहिल्या, किराणा खाऊन संपला. म्हणून कोणी किराणा भरणाऱ्याला घराबाहेर ठेवायचं? मी दोघांच्याही खात्यांची स्टेटमेंट्स काढली आणि दर वर्षाला दोन रकाने केले. दोन्हीकडचा आकडा जवळपास सारखाच निघाला. काही वर्षं तर माझाच जास्त. (ज्या वर्षी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा बराच जास्त.)

कोर्टनाक्याजवळ आमच्या वकीलबाईंचं ऑफिस आहे. त्यांनी शीट पाहिली आणि आधी मला जमिनीवर आणलं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची समाईक धरतात. आपल्याकडे तसं नाही. हिंदू विवाह कायद्यात कलम 25 पोटगीचं, कलम 27 लग्नाच्या वेळी दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंचं. संसारात जमवलेल्यातलं अर्धं बायकोचं, असं वाक्य त्यात कुठेच नाही. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा देऊ पाहणारं दुरुस्ती विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, पण लोकसभेतून काही पार पडलं नाही. "तुमचं नाव अ‍ॅग्रीमेंटवर आहे हे नशीब समजा," बाई म्हणाल्या. "आता ही शीट त्यांच्यापुढे ठेवा. कोर्टात वर्षानुवर्षं घालवण्यापेक्षा ते बरं."

मग पाटल्यांचा विषय निघाला. माझ्या आईने लग्नात घातलेल्या चार तोळ्यांच्या पाटल्या आम्ही डाउन पेमेंटसाठी जांभळी नाक्याला मोडल्या होत्या. सराफाची पावती फ्लॅटच्या फाइलमध्येच सापडली, पिवळी पडलेली, पण वजन आणि भाव स्पष्ट. तो म्हणाला, एक लाख बारा हजार आले होते, तेवढे धरू. मी म्हटलं, मी रुपये दिले नव्हते, सोनं दिलं होतं. माहेरून आलेलं असो की सासरहून, स्त्रीधन बायकोचं एकटीचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगून ठेवलंय. अडचणीत नवऱ्याने ते वापरलं तर परत करणं ही त्याची नैतिक जबाबदारी, हे 2024 मध्ये पुन्हा सांगितलं. त्याने मोबाइलवर सोन्याचा त्या दिवसाचा भाव पाहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी चार तोळ्यांना आजचा भाव धरायला तयार झाला. त्याबद्दल त्याला मानलं मी.

घराच्या बाजारभावातून उरलेलं कर्ज वजा करून त्याचे दोन भाग केले. त्याच्या नावावरचे म्युच्युअल फंडही त्याच यादीत आले. तेही किराण्याच्याच जोरावर साठले होते. फंड त्याच्याकडे, घर आणि कर्ज माझ्याकडे, असं जुळलं. फ्रिज, टीव्ही, सोफा पंधरा मिनिटांत मिटलं. मिक्सरवरून मात्र उगाच तासभर.

मुद्रांक शुल्काबद्दल नातेवाइकांनी भरपूर सल्ले दिले. नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक 200 रुपये, हे खरं आहे, अधिभार आणि नोंदणी वेगळी. पण हे नातं कायद्याने टिकून असेपर्यंतच. शिवाय बक्षीस म्हणजे बिनमोबदला. मी त्याच्या वाट्याचं कर्ज घेत होते, फंडांवर पाणी सोडत होते, त्याला बक्षीस कसं म्हणणार? त्यामुळे त्याच्या अर्ध्या हिश्शावर रीतसर शुल्क भरलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो बँकेने. आमच्यात काय ठरलं आणि कोर्टाने काय शिक्का मारला याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं. ती सोडत नाही तोवर तो सहकर्जदारच. माझ्या एकटीच्या पगारावर एवढं कर्ज बसेना. काही रक्कम आधी भरा, मग त्याचं नाव काढू, असं उत्तर आलं. ती रक्कम पाटल्यांच्या पैशांतून भरली. त्याने ते परस्पर कर्जखात्यातच टाकले, आणि मी शीटमधली ती ओळ हिरवी केली.