तात्यांची जीप आणि एक आकडा

गडहिंग्लजकडच्या एका वाडीत, तात्यांच्या गोठ्यामागं ती उभी होती. चारही टायर बसलेले, बॉनेटवर वैरणीच्या पेंढ्या. "विलीज हाय बघा, बेचाळीसची. आमच्या आबांनी घेतलेली. कागद एकदम क्लियर हाईत," तात्या म्हणाले. मला ती विकत घ्यायची होती. मी कागद बाजूला ठेवायला सांगितले आणि बॅटरी घेऊन आधी गाडीखाली शिरलो.

रेडिएटरच्या खाली चेसिसच्या दोन पट्ट्या जोडणारा आडवा तुकडा असतो. विलीजमध्ये तो गोल नळीचा. इथं तो उपड्या पन्हळीसारखा निघाला. मग बोल्टची डोकी पुसली. ग्रीसखाली इंग्रजी एफ हे अक्षर. पुढच्या बोल्टवर तेच, त्याच्या पुढच्यावरही तेच. म्हणजे गाडी फोर्डची. दुसऱ्या महायुद्धात जीपची मागणी एकट्या विलीजला झेपणारी नव्हती, म्हणून तेच डिझाइन फोर्डलाही बनवायला दिलं. फोर्डनं सुमारे २ लाख ७८ हजार जीप बनवल्या, विलीजनं सुमारे ३ लाख ६० हजार. फोर्डच्या मॉडेलचं नाव जीपीडब्ल्यू, आणि त्यातला डब्ल्यू विलीजचाच. समोरच्या जाळीत नऊ फटी होत्या, तेव्हा युद्धातलीच गाडी हे नक्की. नंतरच्या नागरी जीपला सात असतात. लढाई संपल्यावर अशा पुष्कळ गाड्या आपल्याकडंच विकल्या गेल्या आणि सगळ्यांनाच विलीज हे नाव पडलं. तात्यांच्या आरसी बुकातही मेकच्या, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीच्या, रकान्यात तेच लिहिलेलं.

या मॉडेलचा चेसिस नंबर डाव्या पट्टीच्या वरच्या अंगाला, शॉकअप आणि इंजिन माउंटिंगच्या मधे असतो. तिथं रंगाचे थरावर थर होते. हिरवा, त्याखाली चंदेरी, त्याखाली रेड ऑक्साइड. रंग सोडवायचं केमिकल लावलं, पितळी ब्रशनं हळूहळू घासत बसलो. अशा जागी ग्राइंडर कधीच लावू नये. तासाभरानं जी, पी, डब्ल्यू ही अक्षरं आणि पुढचे आकडे दिसायला लागले. बटर पेपर ठेवून पेन्सिलीनं छाप काढली.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो, लोखंडावर आकडे ठोकायच्या नंबर पंचचा सेट रोज हातात असतो. ताजा पंच मारला की आकड्याच्या कडेनं लोखंड वर उठतं, बोटाला खरखर लागतं. इथं कडा गुळगुळीत झालेल्या, गंज आकड्याच्या तळापर्यंत मुरलेला, आणि भोवतीची पट्टी सगळीकडं सारख्या जाडीची. गेल्या वर्षी एक जीप मी याच कारणानं सोडली. दिसायला ती हिच्यापेक्षा चांगली होती, पण नंबरच्या जागी पट्टी पातळ झालेली आणि रंगाखाली ग्राइंडरच्या ओरखड्यांवर पंच मारलेला. भंगारात गेलेल्या एका गाडीचे कागद आणि भलत्याच गाडीचं लोखंड. असल्या गाडीसाठी एक रुपयासुद्धा देऊ नये. मूळ गाडी चोरीची निघाली तर पोलिस तुमच्या दारातून उचलून नेतात.

तात्यांची छाप स्वच्छ आली, पण घोळ वेगळाच निघाला. ऑनलाइन रेकॉर्डमध्ये नंबरातला चौथा आकडा आठ, लोखंडावर तीन. माझ्या पोटात गोळा आला. मग जुनं हातानं लिहिलेलं बुक उघडलं. लिहिणाऱ्यानं तीनची दोन्ही टोकं इतकी आत वळवलेली की आठच वाटावा. बुकावरून कॉम्प्युटरवर नोंद चढवताना तो आठ झाला असणार. पण 'असणार' म्हणून आरटीओत काम होत नाही.

पुरावा गोठ्यातच सापडला. आबांनी पेट्रोल परवडेना म्हणून मूळ इंजिन काढून ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलं होतं. त्याची नोंद कुठंच नाही, बुकात इंधन अजून पेट्रोल. मूळ इंजिन कुठंय विचारलं तर तात्यांनी कोपऱ्यातली पोती बाजूला केली. फोर्डच्या कारखान्यातून जीप निघायची तेव्हा इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर एकच असायचा. ऑइल फिल्टरजवळचा उंचवटा रॉकेलनं पुसला. तोच नंबर, आणि चौथा आकडा ठळक तीन. बुकातल्या इंजिनाच्या रकान्यातही तीनच होता, आणि तिथं तो नीट लिहिलेला. मी तिथंच शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसलो आणि तात्यांना चहा करायला सांगितला.

पुढचं काम माणसांचं. गाडी अजून आबांच्या नावावर, आणि आबा जाऊन बरीच वर्षं झाली. एजंट म्हणाला, ट्रान्सफरच्या फॉर्मवर आबांची सही आपणच मारू, सगळे तसंच करतात. गेलेल्या माणसाची सही करून गाडी घ्यायची, हे मला जमणार नव्हतं. मालक वारला तर वारसांनी फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला जोडून गाडी आधी स्वतःच्या नावावर करायची असते. तात्यांच्या दोन बहिणींची ना-हरकत लागली. धाकट्या आक्का पुण्याला. त्यांना वाटलं, भाऊ परस्पर काही विकतोय. मी पुण्याला जाऊन छाप, फोटो, किंमत सगळं दाखवलं, तेव्हा सही मिळाली. गाडी तात्यांच्या नावावर आली, मग २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून माझ्या.

एजंटानं आणखी एक वाट सुचवली होती. ५० वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेत नवी नोंदणी मिळते, फी २० हजार रुपये. म्हणजे जुनं सगळं मिटलं. पण मिटवायचं कशाला? ज्या गाडीची नोंदणी आधीच आहे तिला जुना नंबर ठेवता येतो. मुंबई राज्याच्या काळातला, बी अक्षरानं सुरू होणारा नंबर आहे तो.

डिझेल इंजिन उतरवलं, मूळ इंजिन पुन्हा बसवलं. तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टर साहेबांनी स्वतः वाकून दोन्ही नंबर वाचले, माझी छाप फाइलला लावून घेतली. आकडा आणि मेक, दोन्ही दुरुस्त्या झाल्या. संपलेलं पासिंग पाच वर्षांसाठी नवं झालं, पर्यावरण कर भरला.

बुकाच्या पहिल्या पानावर मालकाची नमुना सही म्हणून आबांची सही आहे, निळ्या शाईतली. आक्कांनी त्या पानाची कलर झेरॉक्स मागितली आहे. रविवारी गावी येणार आहेत, तेव्हा जीपनंच स्टँडवर आणायला जाईन.